वाचकांचे प्रश्न : ठाऊक आहे ते सांगावं कसं?

या वेळच्या पत्रांत गंजाचे डाग आहेत, अडकणारी दारं आहेत, भाजलेली बोटं आहेत. पण बऱ्याच पत्रांचा रोख त्याच्या पलीकडचा आहे. मला माहीत आहे, पण मी बोलू का? मी सांगितलं आणि बिघडलं तर? दहा जण दहा गोष्टी सांगतात, ऐकू कुणाचं? कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सारी नोकरी झाली. तिथलं निम्मं काम मला माझ्या आधीच्या सहायकांनी बोलता बोलता शिकवलं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा. म्हणून हा अंक या पत्रांचा.

प्रश्न : ताई, मी सुतार आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, शाळा फार झाली नाही. परवा चार शिकलेली माणसं बसली होती, त्यांच्यात दार अडकण्याचा विषय निघाला. एक म्हणाले बिजागऱ्या बदला, दुसरे म्हणाले रंधा मारून घ्या. मला दोन्ही पटलं नाही, पण मी गप्प बसलो. आपलं कोण ऐकणार, असं वाटलं. अशा वेळी बोलावं का? (एक सुतार)

उत्तर : बोला, दादा. त्या बैठकीत दाराबद्दल सांगण्याजोगं ज्याच्याकडे होतं, असे तुम्ही एकटेच होतात. तुम्ही गप्प राहिलात की चांगलं दार उगाच तासलं जातं.

तुम्ही पत्रात पुढे जे सविस्तर लिहिलंय ते इतकं मोलाचं आहे की ते आधी सगळ्या वाचकांना सांगते. दमट हवेत लाकूड ओलावा पितं आणि फुगतं, पण सगळ्या अंगांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही, वाढतं ते आडव्या अंगाने. त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने ते जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. म्हणून एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या वागतात. दमट दिवसांत घासणाऱ्या दारावर घाईने रंधा मारला, तर हवा कोरडी झाल्यावर तिथेच फट दिसते आणि ती काही भरून येत नाही.

बिजागरीचा दोष असेल तर त्याची खूण वेगळी. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दाराचा पल्ला झुकतो. मग कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतो आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा जमिनीला टेकतो. तुमची खडूची रीत मला फार आवडली. चौकटीच्या आतल्या कडेला खडू चोळायचा, दार एकदा लावायचं, उघडायचं आणि पल्ल्यावर खडू कुठे उमटलाय ते बघायचं. कोपऱ्यातच उमटला तर आधी स्क्रू आवळायचे. वरपासून खालपर्यंत उमटला आणि त्रास दमट हवेतच होत असला, तर कोरड्या दिवसांपर्यंत थांबायचं. तेव्हाही दार घासलं तरच रंधा घ्यायचा. आणि रंधा मारल्यावर पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश किंवा व्हार्निश द्यायला विसरायचं नाही, कारण तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात आणि ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो. त्या दोन कडा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बहुतेक घरांत त्या कोऱ्याच राहिलेल्या असतात.

आता बघा, त्या दोघांनी थेट निकाल सांगितला होता. तुमच्याकडे तपासायची रीत होती. चार लोकांत बोलायला सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न पडला तर तिथूनच करा. "दार बाराही महिने अडकतं की हवा दमट असतानाच? कुठला कोपरा घासतो?" एवढं विचारलंत तरी ऐकणाऱ्यांना कळतं की हा माणूस दारांशी बोललेला आहे. तुमचं शिक्षण किती हे मग कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी खडूची खूण सगळ्यांसमोर असते.

जॉन हॅरिसनबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. १६९३ साली इंग्लंडमध्ये सुताराच्या घरी जन्मला, स्वतःही सुतारकीच शिकला. भर समुद्रात जहाजाचा रेखांश ओळखायचा कसा, यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस जाहीर केलं होतं. नामांकित खगोलशास्त्रज्ञ चंद्र-ताऱ्यांत उत्तर शोधत होते. हॅरिसनने घड्याळात शोधलं. निघालेल्या बंदराची अचूक वेळ सोबत असली, की जिथे आहोत तिथल्या वेळेशी पडणाऱ्या फरकावरून रेखांश निघतो. त्या काळात घड्याळात घालायचं तेल हळूहळू घट्ट होई आणि वेळ चुके. याला लाकूड माहीत होतं! लिग्नम व्हिटी नावाच्या लाकडात अंगचंच तेल असतं. त्याचे भाग वापरून त्याने तेल न लागणारी घड्याळं केली. पुढे त्याचं चौथं सागरी घड्याळ १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावर चढवलं, तेव्हा तिथे पोहोचेपर्यंत ते अवघं पाचेक सेकंद मागे पडलं. तरीही परीक्षकांनी त्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. संसदेने शेवटची रक्कम १७७३ मध्ये दिली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. परीक्षकांचं हे वागणं वाचून मला आजही वाईट वाटतं. पण तो गप्प बसला नाही, हे त्याने जगावर केलेले उपकार.

प्रश्न : मैत्रिणीच्या पांढऱ्या शर्टवर डाग पडला होता. मी तिला ब्लीच लावायला सांगितलं, कारण माझ्याकडे ब्लीचने डाग नेहमी जातात. डाग गेला नाही, उलट पक्का झाला. तो गंजाचा होता, हे मागाहून कळलं. तेव्हापासून मी कुणालाही काही सांगणं सोडून दिलंय. बरोबर केलं ना? (एक गृहिणी)

उत्तर : नाही, ताई. सांगणं सोडू नका, सांगताना दोन वाक्यं जास्त बोला.

प्रयोगशाळेत कुठलंही द्रावण करून ठेवलं की आम्ही बाटलीवर चिठ्ठी लावत असू. आत काय आहे, किती तीव्रतेचं आहे, कधी केलं, कुणी केलं. चिठ्ठी नसलेली बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी तिला कुणी हात लावत नसे. सल्ल्यालाही तशी चिठ्ठी हवी. "ब्लीच लाव" ही बिनचिठ्ठीची बाटली झाली. "माझ्या सुती चादरीवर शाईचा डाग होता, तो पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचने गेला" असं तुम्ही म्हणाला असतात, तर मैत्रिणीने स्वतःच विचारलं असतं की माझा डाग शाईचा आहे का, माझं कापड सुती आहे का.

आता डागाचं सांगते. आपण नेहमी वापरतो त्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. ते रंगाच्या कणांचं ऑक्सिडीकरण करून रंग घालवतं. गंज म्हणजे मुळातच ऑक्सिजनशी संयोग झालेलं लोखंड. त्याला ब्लीचचा काही उपयोग नाही, उलट डाग जास्त घट्ट बसू शकतो. गंजाला आम्ल लागतं. सायट्रिक आम्लाचं द्रावण डागावर थोडा वेळ ठेवलं की लोखंड विरघळून पाण्याबरोबर जातं. ऑक्झॅलिक आम्ल अधिक जोरकस आहे, पण ते विषारी आहे. हातमोजे घातल्याशिवाय आणि मुलांपासून दूर ठेवण्याची खात्री असल्याशिवाय ते घरात आणू नका. आणि मैत्रिणीच्या शर्टला आम्ल लावण्याआधी त्यातलं ब्लीच भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन काढायचं. का, ते पुढच्याच उत्तरात आहे.

आणखी एक. ब्लीच लोकर आणि रेशमावर कधीच नाही. दोन्ही प्रथिनांचे धागे आहेत आणि हायपोक्लोराइट प्रथिनं खाऊन टाकतं. रक्ताच्या डागाला गरम पाणी नाही, कारण उष्णतेने त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला चिकटतात, आधी गारच पाणी. आणि कुठलाही उपाय करून बघायचा तो आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर. हे शेवटचं वाक्य दर वेळी सल्ल्याबरोबर द्यायचं.

मैत्रिणीला फोन करा. काय चुकलं आणि का चुकलं ते तिला नीट सांगा. डाग कशाचा हे न विचारता सांगितलेला उपाय कसा फसतो, हे आता तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

प्रश्न : शेजारच्या वहिनी टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओततात. जास्त स्वच्छ होतं म्हणतात. मीही करू का?

उत्तर : अजिबात नको. आणि हे वाचल्यावर वहिनींकडे आजच्या आज जा.

बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ युद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. लहानशा बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्येही ब्लीच घालायचं नाही, त्यातून क्लोरामाइन नावाचे तितकेच घातक वायू निघतात. चुकून मिसळलंच, तर वरून आणखी काही न ओतता आधी बाहेर पडा, दार-खिडकी उघडता येत असेल तर उघडा, मोकळ्या हवेत जा. खोकला थांबत नसेल किंवा छातीत आवळल्यासारखं होत असेल तर दवाखाना. यात मतमतांतराला जागा नाही.

प्रश्न : घरात कुणाचं बोट भाजलं की मोठ्या जाऊबाई टूथपेस्ट लावतात. मी वाचलंय की ते चुकीचं आहे. पण त्यांच्या दोन्ही मुलांचं भाजलेलं त्यानेच बरं झालं, असं त्या सांगतात, आणि त्या मोठ्या आहेत. मी त्यांना कसं सांगू? (धाकटी जाऊ)

उत्तर : भाजलेलं असताना वाद घालत बसू नका. त्या क्षणी करायचं ते एवढंच : हात नळाखाली धरायचा आणि थंड वाहतं पाणी पूर्ण २० मिनिटं सोडायचं. बर्फ नाही, बर्फाने कातडीला आणखी इजा होते. सूज यायच्या आत अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवायचं. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने किंवा अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकने सैलसर झाकायचं. काही कारणाने पाणी लगेच मिळालं नाही, तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत हे २० मिनिटांचं पाणी उपयोगी पडतं. भाजलेली जागा माणसाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रियावर असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, किंवा लहान मूल असेल, तर पाणी सुरू करून डॉक्टर गाठायचा. लहान मुलाचं अंग मोठं भाजलं असेल तर बाकीचं अंग पांघरुणाने ऊबदार ठेवायचं, नाहीतर मूल गारठतं.

टूथपेस्ट आत उष्णता अडकवते, जखमेत जंतू जायला वाट देते, आणि डॉक्टरला खालची कातडी दिसू देत नाही. ती काढताना होणाऱ्या वेदना वेगळ्याच.

आता जाऊबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. वरवरचं भाजलेलं साधारण आठवडाभरात आपोआपच भरून येतं. काही लावा, काही लावू नका. लावलं असेल तर श्रेय त्याला मिळतं. आपल्या घरगुती उपायांपैकी कितीतरी उपायांची कीर्ती अशी उभी राहिली आहे, आणि हे सांगताना मला त्यांच्याबद्दल अनादर नाही. ज्यांनी ते सांगितले त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. फक्त, उपाय न करता काय झालं असतं, हे त्यांना बघता आलं नव्हतं.

ते बघायची रीत जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ मध्ये दाखवली. स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, आजारी पडलेले १२ खलाशी त्याने निवडले, सगळ्यांचं एरवीचं खाणं सारखं ठेवलं आणि दोन-दोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर (सफरचंदाची दारू), एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीचा लगदा, आणि एकीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. यातल्या प्रत्येक उपायाचा तेव्हा कुणी ना कुणी कैवारी होता. फळं सहा दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करू लागला. पाच जोड्या शेजारी होत्या म्हणूनच सहावीचं महत्त्व कळलं. तरी ब्रिटिश नौदलाने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडलं. लिंड त्याच्या आदल्याच वर्षी गेला.

म्हणून जाऊबाईंनी एका बैठकीत ऐकलं नाही तर मन खट्टू करू नका. "तुमचं चुकतंय" असं म्हणूच नका, त्यांना कामाला लावा. "वहिनी, तुम्ही नळ सोडा आणि याला धरून बसा, मी घड्याळ लावते." भाजलेल्या लेकरापाशी काहीतरी करावं असं त्यांना वाटतं म्हणून त्या टूथपेस्टकडे धावतात. २० मिनिटं हात धरून बसणं हे फार मोठं काम आहे, आणि ते घरातल्या मोठ्या माणसालाच जमतं.

प्रश्न : वॉशिंग मशीन घ्यायचं आहे. सगळे एकत्र जमलेले असताना विचारलं, तर पहिल्याने जे सांगितलं त्यालाच बाकीच्यांनी माना डोलावल्या. नंतर एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच. आता विश्वास कुणावर ठेवू? (नोकरदार वाचक)

उत्तर : एकेकट्याला विचारलंत हे उत्तम केलंत. पुढेही तसंच करा.

१९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लायमाउथच्या पशुप्रदर्शनात एक पैज होती. समोर उभ्या असलेल्या बैलाचं, कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्यातल्या वाचता येणाऱ्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि नुसते हौशी लोकही होते. सगळे अंदाज चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध आला तो १,२०७ पौंडांचा, आणि प्रत्यक्ष वजन भरलं १,१९८. शंभरात एकाचीही चूक नाही! पण हे घडलं कारण प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतंत्र लिहिली होती. घोळक्यात विचारलं असतं, तर जो खणखणीत आवाजात पहिला बोलला त्याच्या आकड्याभोवती सगळे गोळा झाले असते.

शिवाय तिथे प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर तराजूवर ठेवता येईल. "कुठलं मशीन चांगलं?" याला तराजू नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती. म्हणून प्रश्न बदला. मशीन कधी घेतलं? त्यानंतर काय काय बिघडलं? दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी आला, लागणारा भाग मिळाला का? तुमच्याकडचं पाणी जड आहे का, कारण जड पाण्याने हीटरवर चुनखडीचा थर बसतो. ही उत्तरं तुम्हाला मतांपेक्षा जास्त उपयोगी पडतील, आणि सांगणाऱ्यालाही ती द्यायला सोपी जातात.

माझ्याकडून थोडक्यात : समोरून कपडे घालायच्या मशीनला पाणी कमी लागतं, ते कपडे जोरात पिळतं, पण वेळ जास्त घेतं, वाकावं लागतं, आणि दाराचं रबर रोज पुसून दार उघडं ठेवलं नाही तर बुरशी धरते. वरून कपडे घालायच्या मशीनला पाणी जास्त लागतं, पण राहिलेला मोजा मध्येच टाकता येतो. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर माझं मत वरून घालायच्या मशीनला, आणि हे माझं मत आहे, माहिती नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही जरूर विचारा. पण त्याच्यासमोर फक्त बिघडलेलीच मशीन येतात आणि वापरणाऱ्याला फक्त स्वतःचंच दिसतं, हे ध्यानात ठेवून दोघांचं ऐका.

प्रश्न : कुणी न विचारता सल्ला द्यावा का? घरचे म्हणतात, मी फार देतो.

उत्तर : जीवाला धोका असेल तर न विचारता, ताबडतोब, मोठ्याने. गॅसचा वास येतोय आणि कुणी दिव्याच्या बटणाकडे हात नेतोय, तर त्याला अडवाच. बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दार-खिडक्या उघड्या, आणि फोन करायचा तो बाहेर जाऊन. बाकी सगळ्या बाबतीत विचारण्याची वाट बघा. सांगायला फारच ओठ शिवशिवले तर "तुम्ही हे असं का करता?" असं खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा. पुष्कळदा त्यांच्याकडे चांगलं कारण असतं.

प्रश्न : नाव न देता प्रश्न विचारला तर राग येईल का?

उत्तर : मुळीच नाही. लंडनमध्ये जॉन डंटन नावाच्या प्रकाशकाने १६९१ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं पत्र काढलं, तेच मुळी या कल्पनेवर की विचारणाऱ्याचं नाव कुणाला कळणार नाही. लोकांनी त्याच्यावर प्रश्नांचा वर्षाव केला. लाज वाटते म्हणून न विचारलेल्या प्रश्नांनी फार नुकसान होतं. मात्र उत्तर देणाऱ्याने, निदान आपण कोण आणि हे आपल्याला कसं कळलं, एवढं सांगावं अशी माझी अपेक्षा असते.

प्रश्न : आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप मी निवृत्त झाल्यापासून सांभाळतो. आता मुलाकडे राहायला जायचं आहे. मला जे कळतं ते मागे राहणाऱ्यांना द्यायचंय. तोंडी सांगितलं, पण त्यांच्या लक्षात राहत नाही. काय करू? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, लिहून ठेवा, आणि नेहमीच्या बारीकसारीक गोष्टी आधी लिहा. हे मी मुद्दाम सांगतेय. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशासाठी सामान्य वाचकांना आवाहन केलं होतं : पुस्तकं वाचा, त्यात शब्द ज्या वाक्यात भेटेल ते वाक्य जसंच्या तसं, लेखक, वर्ष आणि पानासह चिठ्ठीवर उतरवून पाठवा. जगभरातून ढिगाने चिठ्ठ्या आल्या. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि सगळा कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. पण मरे यांच्या लक्षात आलं की लोक अनोळखी शब्द तेवढे टिपतात. एका दुर्मीळ शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या होत्या आणि त्याच कुळातल्या रोजच्या शब्दाच्या पाचसुद्धा नव्हत्या. रोजचं ते काय लिहायचं, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

तुमच्या हातूनही तसंच होईल. तीन दिवस पाणी नव्हतं तेव्हा काय केलं, ते तुम्ही रंगवून लिहाल, आणि रोज पंप सुरू करण्याआधी खालच्या टाकीत डोकावून बघता, ते राहून जाईल. ते आधी लिहा. मोटर फिरते पण पाणी चढत नाही, म्हणजे पंपाने हवा धरली. तेव्हा आधी मोटर बंद करायची, कारण कोरडी फिरली की आतलं सील जळतं. मग टाकीतली पातळी बघायची. पातळी ठीक असेल तर प्रायमिंगची टोपी उघडून पंप पाण्याने काठोकाठ भरायचा, बुडबुडे यायचे थांबले की टोपी आवळायची आणि पुन्हा सुरू करायचा. दर दोन-चार दिवसांनी असं करावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपच्या तोंडाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा पाणी खेचणाऱ्या पाइपच्या जोडात फट आहे. हे सगळं तुम्ही मला माझ्याच एका प्रश्नाला उत्तर म्हणून पूर्वी लिहून पाठवलं होतं, त्या कागदाची नक्कल मी तुम्हाला टपालाने परत पाठवते आहे.

त्यात दोन गोष्टींची भर घाला. एक, पंप ठीक असताना त्याचा आवाज कसा येतो, आणि किती वेळात वरची टाकी भरते. बिघाड ओळखायला नव्या माणसाला हेच लागतं, आणि ते तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. दुसरी, कुठल्या गोष्टीला त्याने हात लावायचा नाही. वायरिंगचं डबडं उघडायचं नाही, जळका वास आला तर मुख्य बटण बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

जायच्या आधी एक दिवस स्वतः खुर्ची टाकून बसा आणि नव्या माणसाला फक्त तुमच्या कागदावरून पंप चालवू द्या. तुम्ही बोलायचं नाही. तो जिथे अडेल तिथे कागदात ओळ घाला. आणि पेनाने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. पंपाच्या खोलीतल्या ओलीने शाई पसरते, पेन्सिलीचं अक्षर पसरत नाही.